चावी खिशात, तरी गाडी उघडेना! बिनचावीच्या मोटारीचे नेमके काय बिनसते?

रात्रीची डहाणू लोकल बोईसरला रिकामी होते. बाहेर पावसाची रिपरिप सुरू असते. सकाळी स्थानकाजवळ लावलेल्या गाडीपाशी धावत पोहोचायचे, दाराच्या हँडलवरचे छोटे काळे बटण दाबायचे, आणि काहीच घडत नाही. ना ‘टक्’ असा आवाज, ना इंडिकेटरची उघडझाप. चावी तर खिशातच आहे. पुन्हा दाबून पाहिले तरी गाडी ढिम्म!

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात रोज लोकलने ये-जा करणारे आणि औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणारे अनेक जण आता अशा ‘स्मार्ट की’च्या गाड्या वापरतात. त्यांच्यासाठी गाडी न उघडणे ही केवळ गैरसोय नसते. घरात आजारी माणूस असेल, रात्रपाळीहून परतायचे असेल किंवा गाडीच्या आत लहान मूल असेल, तर प्रत्येक मिनिट महत्त्वाचे ठरते. दिलाशाची बाब म्हणजे अशा बऱ्याच प्रसंगांत दोष एका छोट्याशा सेलमध्ये असतो आणि काच न फोडता आत जाण्याची सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. ती सोय कोणती आणि दोष शोधायचा कसा, ते पाहू.

गाडी चावीला ओळखते कशी?

हँडलवरचे बटण दाबल्यावर गाडी आणि चावी यांच्यात दोन टप्प्यांचा संवाद होतो. पहिल्यांदा गाडी हाक मारते. दारे, डिकी आणि केबिनमध्ये बसवलेल्या अँटेनांमधून सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारितेचा संदेश जातो. हा संदेश मुद्दामच जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंत पोहोचेल एवढा ठेवलेला असतो, म्हणजे मालक दूर असताना दार उघडू नये. खिशातली चावी ती हाक ऐकून जागी होते आणि बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर पाठवते. उत्तर सांकेतिक असते आणि दर वेळी बदलते. ते जुळले की कुलूप उघडते. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होते.

चावीवरचे उघड-बंदचे बटण मात्र वेगळ्या वाटेने काम करते. त्यात गाडीने हाक मारायची गरज नसते, चावी स्वतःच संदेश पाठवते. म्हणूनच कधी हँडलचे बटण चालत नाही, पण चावीचे चालते. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मे निदान तिथेच होते.

चावीत आणखी एक तिसरी गोष्ट असते. तिच्यातील एका छोट्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. चावी स्टार्ट बटणाच्या अगदी जवळ नेली की गाडीच्या कॉइलमधूनच त्या चिपला ऊर्जा मिळते आणि गाडी चावीला ओळखते. सेल पूर्ण संपल्यावरही गाडी सुरू होऊ शकते, ती या चिपमुळे.

हे तंत्रज्ञान अगदी नवे नाही. रिमोटने दार उघडणारी ‘रेनॉ फ्युएगो’ १९८२ मध्ये आली होती. चावी खिशात ठेवूनच गाडी उघडण्याची आणि सुरू करण्याची सोय नव्वदच्या दशकात महागड्या गाड्यांत आली. आता ती छोट्या हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलपर्यंत पोहोचली आहे.

आत्ता, या क्षणी गाडी उघडायची कशी?

बहुतेक स्मार्ट कींच्या पोटात एक साधी धातूची चावी लपवलेली असते. बाजूची किंवा मागची छोटी कळ सरकवली की ती बाहेर येते. चालकाच्या दाराला तिचे भोक असते. काही गाड्यांत ते उघडे दिसते, तर काहींत हँडलच्या टोकाला प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेले असते. झाकणाच्या खालच्या खाचेत चावीचे टोक घालून ते अलगद उचकटावे लागते.

अशा प्रकारे दार उघडल्यावर हॉर्न वाजू लागला तर घाबरू नये. रिमोटने कुलूप न काढल्यामुळे गाडीचा अलार्म वाजतो. गाडी सुरू झाली की तो थांबतो.

आत बसल्यावर ‘चावी सापडत नाही’ असा इशारा डॅशबोर्डवर आला, तर ब्रेक (मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच) दाबून ठेवावा आणि चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून, किंवा चावीनेच ते बटण दाबून गाडी सुरू करावी. काही मॉडेलमध्ये बटणाऐवजी कपहोल्डरमध्ये, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ किंवा आर्मरेस्टच्या खणात चावी ठेवण्याची ठरलेली जागा असते. आपल्या गाडीतली जागा कोणती, हे मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेले असते. पण मॅन्युअल असते बंद गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये! म्हणून त्या पानाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवणे शहाणपणाचे.

दोष चावीत आहे की गाडीत?

मेकॅनिकला बोलावण्याआधी पाच मिनिटांत हे तपासता येते. क्रम महत्त्वाचा.

पहिले : चावीचे बटण दाबल्यावर तिच्यावरचा लहान दिवा लागतो का? लागत नसेल किंवा मंद लागत असेल, तर संशय सेलवर. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी आता दोन पावलांवरून उघडत असेल, तरी हेच लक्षण.

दुसरे : चावीचे बटण चालते, पण हँडलचे चालत नाही? मग इतर दारे आणि डिकी तपासावी. एकाच दाराला अडचण असेल, तर त्या हँडलचे बटण, सेन्सर किंवा वायरिंग बिघडले आहे. सगळ्याच दारांना असेल, तर सेल अशक्त झालेला असू शकतो किंवा ही सोय सेटिंगमधून बंद झालेली असू शकते. काही गाड्या बरेच दिवस उभ्या राहिल्या की बॅटरी वाचवण्यासाठी हँडलची सोय स्वतःहून थांबवतात. एकदा चावीच्या बटणाने गाडी उघडली की ती पूर्ववत होते.

तिसरे : दुसरी चावी वापरून पाहावी. तिने गाडी उघडली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी उघडली नाही तर संशय गाडीची बॅटरी, रिसीव्हर किंवा बाहेरचा अडथळा यांच्याकडे वळतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. कपाटात तीन वर्षे पडून राहिलेल्या दुसऱ्या चावीचा सेलही संपलेला असू शकतो. तसे असेल तर ही चाचणी फसवी ठरते.

चौथे : खिसा आणि पिशवी तपासावी. चावी मोबाइलला चिकटून, स्टीलच्या डब्यामागे किंवा लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरशेजारी असेल, तर गाडीची हाक तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ती हातात, मोकळी धरून पुन्हा प्रयत्न करावा. गाडीतही वायरलेस चार्जिंगच्या पॅडजवळ चावी ठेवू नये. स्वस्त कार चार्जर आणि डॅशकॅमचे अडॅप्टरही असा गोंधळ करतात. ते काढून पाहावेत.

पाचवे : चावी गाडीच्या आतच तर राहिली नाही ना? आत चावी असेल तर बहुतेक गाड्या कुलूप लावायला नकार देतात आणि बीप वाजवतात. ‘गाडी लॉक होत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी मागच्या सीटवरच्या पर्समधली दुसरी चावी असते.

सेल बदलताना काय पाहावे?

सेलवरचा आकडा हेच त्याचे माप असते. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ‘सीआर २०२५’चा व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर. दोन्ही तीन व्होल्टचे असतात. पातळ सेल जाड सेलच्या जागी बसतोही, पण पत्रीला नीट टेकत नाही. मग गाडी कधी उघडते, कधी नाही. जुन्या सेलवरचा आकडा पाहूनच नवा घ्यावा. चांगल्या कंपनीचा सेल शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. नाव माहीत नसलेले, सुट्टे सेल टाळावेत.

मल्टिमीटरवर तीन व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगलाच आहे, असेही नाही. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. नुसता मोजला तर आकडा ठीक दिसतो, पण चावीने संदेश पाठवायला घेतला की व्होल्टेज कोसळते. शंका असेल तर नवा सेल घालून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी.

चावी उघडताना धातूची लपलेली चावी आधी काढावी. तिच्या जागी असलेल्या खाचेत नाणे किंवा कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलके फिरवावे. अधिकची बाजू कुठे आहे, याचा आधी फोटो घ्यावा. सेल कडेने धरावा, बोटांचा तेलकटपणा त्याच्या सपाट पृष्ठभागावर लागू देऊ नये. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. हा लेप काही उपकरणांत संपर्काच्या आड येतो, त्यामुळे नवा सेल घालूनही चावी चालली नाही तर बिनलेपाचा सेल वापरून पाहावा.

जुना सेल मुलांच्या हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी. बटण सेल गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मुलाला त्रास दिसत नसला तरी थेट रुग्णालय गाठावे.

सेल दोन-तीन महिन्यांतच संपत असेल, तर घरात चावी कुठे टांगली जाते ते पाहावे. दाराशेजारी खुंटी आणि भिंतीपलीकडेच गाडी उभी असेल, तर चावी पुन्हा पुन्हा जागी होते. त्यात तिचा सेल झिजतो, आणि काही मॉडेलमध्ये गाडीची बॅटरीही. चावी गाडीपासून काही मीटर लांब ठेवावी.

चावी ठीक, पण गाडीची बॅटरीच उतरली असेल तर?

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर कितीही नवा सेल घातला तरी दार उघडणार नाही, कारण हाक मारणारी बाजूच गप्प असते. इंडिकेटर अजिबात न लागणे, कुलपाचा आवाज रेंगाळणे, डॅशबोर्डचे दिवे फडफडणे ही तिची लक्षणे. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली गेला असेल तर ती चार्ज करणे किंवा बदलणे आले. गणपतीत गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतल्यावर गाडी न उघडण्यामागे बहुधा हेच कारण असते.

इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांनीही हे लक्षात ठेवावे. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी दारे आणि कुलपे चालतात ती वेगळ्या, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली तर इलेक्ट्रिक गाडीही तितकीच ढिम्म राहते.

किनारा आणि कारखाने यांचा काय परिणाम?

सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर ही सगळी समुद्रकाठची गावे. खारी, दमट हवा दाराच्या हँडलमधल्या बटणात आणि चावीच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर जमवते. त्यात भर औद्योगिक हवेची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. आम्लयुक्त आणि गंधकयुक्त वायू तांब्या-चांदीच्या संपर्कांना गंजवतात, हे रसायनशास्त्रातले साधे गणित आहे. अशा हवेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे हँडलचे बटण लवकर कुरकुरू लागले, तर नवल नाही.

पावसाळ्यात स्पर्शाने उघडणाऱ्या हँडलची वेगळीच तऱ्हा असते. त्यावरून ओघळणारे पाणी कधी बोटासारखे भासते, तर कधी खरे बोट ओळखू देत नाही. हँडल कोरडे पुसून पुन्हा स्पर्श करावा. धुताना चावी गाडीजवळ असेल तर कुलूप आपोआप उघड-बंद होत राहते. त्यामुळे गाडी धुताना चावी लांब ठेवावी.

चावी पाण्यात पडली तर आधी सेल काढावा. पाणी समुद्राचे असेल, तर स्वच्छ पाण्याने धुऊन मीठ घालवावे, मग उघडून सावलीत पूर्ण वाळू द्यावी. गरम हवेचा ड्रायर वापरू नये. पत्र्यांवर थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावा.

अणुऊर्जा केंद्रामुळे किंवा उच्चदाब वाहिन्यांमुळे अडथळा येतो का?

देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला चालू आहे, त्यामुळे अशी शंका येणे स्वाभाविक. पण अणुभट्टीतील किरणोत्सार आणि चावीच्या रेडिओ लहरी या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. वीजवाहिन्यांची वारंवारिता असते ५० हर्ट्झ, तर गाडीची हाक १,२५,००० हर्ट्झची. त्यामुळे नुसत्या वाहिनीखाली गाडी लावल्याने कुलूप अडकण्याची शक्यता कमी.

खरा अडथळा बहुधा छोटाच असतो. त्याच पट्ट्यात चालणारे गेटचे रिमोट, बिनतारी डोअरबेल, स्वस्त एलईडी दिव्यांचे अडॅप्टर, कारखान्यांतील वेल्डिंग यंत्रे आणि मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह हे सगळे रेडिओ गोंगाट करतात. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. ओहायो राज्यातील नॉर्थ ओल्मस्टेड परिसरात २०१९ मध्ये काही आठवडे अनेकांच्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजची दारे चालेनाशी झाली. शोधाअंती कारण निघाले एका रहिवाशाने हौसेने बनवलेले, बॅटरीवर चालणारे घरगुती उपकरण. ते सतत त्याच वारंवारितेवर संदेश सोडत होते आणि बनवणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

एकाच जागी गाडी हटकून अडकते आणि इतरत्र बिनतक्रार उघडते, तर दोष गाडीचा नाही, जागेचा आहे असे समजावे. शेजारच्या गाड्यांनाही तोच त्रास होतो का, हे विचारावे. तोवर चावी हँडलला टेकवून किंवा धातूच्या चावीने काम भागते.

चावी एकाच्या खिशात आणि गाडी दुसऱ्याकडे?

हा घोळ स्थानकावर सोडायला येणाऱ्यांच्या बाबतीत होतो. नवरा गाडी चालवत स्थानकापर्यंत येतो, चावी त्याच्या खिशात. तो उतरून लोकल पकडतो, बायको गाडी घेऊन घरी निघते. चालू इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही, ते सुरक्षिततेसाठी तसेच ठेवलेले असते. फक्त इशारा वाजतो. वाटेत भाजी घ्यायला थांबून गाडी बंद केली की ती पुन्हा सुरू होत नाही, कारण चावी तोवर वसईपलीकडे पोहोचलेली असते. उतरताना ‘चावी कुणाकडे?’ हा एक प्रश्न विचारायची सवय हाच यावरचा उपाय.

आत मूल अडकले तर?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल परिसरात उभ्या असलेल्या गाडीत अडकून दोन लहान भावंडांचा मृत्यू झाला. तिथे प्रश्न स्मार्ट कीचा नव्हता. पण बंद गाडी मुलांसाठी किती घातक ठरते, हे त्यातून दिसले. उन्हात उभ्या गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

‘चावी आत असेल तर गाडी लॉक होणारच नाही’ या भरवशावर राहू नये. सेल अशक्त असेल तर आतली चावी गाडीला जाणवत नाही. शिवाय उघडल्यानंतर अर्ध्या मिनिटात कुठलेच दार उघडले नाही, तर बऱ्याच गाड्या स्वतःहून पुन्हा कुलूप लावतात. मूल आत अडकले तर मेकॅनिकची वाट पाहत बसू नये. ११२ ला फोन करावा आणि गरज पडल्यास मुलापासून सर्वांत लांबच्या बाजूच्या खिडकीची काच कोपऱ्यावर आघात करून फोडावी. समोरची काच फोडण्यात वेळ घालवू नये, तिच्या थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असल्याने ती सहज फुटत नाही.

चोरीचा धोका आणि डुप्लिकेट चावी

दोन उपकरणांच्या साह्याने गाडीची हाक घरातल्या चावीपर्यंत लांबवून गाडी पळवण्याची पद्धत युरोपात ‘रिले अटॅक’ म्हणून ओळखली जाते. जर्मनीतील ‘एडीएसी’ या मोटारचालक संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या तपासणीत २४ मोटारी या पद्धतीने उघडल्या. चावीचे अंतर मोजणारे ‘अल्ट्रा वाइडबँड’ तंत्र वापरणाऱ्या काही नव्या गाड्या अशा हल्ल्याला दाद देत नाहीत. इतरांसाठी चावी दारा-खिडकीपासून लांब किंवा लहरी अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवणे हा सोपा उपाय. पाऊच खरेच काम करतो का, हे चावी त्यात घालून गाडीजवळ जाऊन पाहता येते.

डुप्लिकेट चावी बनवणारा गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला यंत्र जोडून नवी चावी नोंदवतो. म्हणजे गाडीचे दार त्याच्या हातात जाते. हे काम कंपनीच्या अधिकृत केंद्रातून करावे किंवा निदान डोळ्यांसमोर करून घ्यावे आणि शेवटी ‘गाडीत एकूण किती चाव्या नोंदल्या आहेत’ हे स्क्रीनवर पाहावे. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या सगळ्या चाव्या रद्द करून हातातल्याच पुन्हा नोंदवून घ्याव्यात. चावी हरवली तर पोलीस ठाण्यात नोंद करावी. विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात बहुधा दोन्ही चाव्या मागतात. चावी बदलण्याचा खर्च मोठा असल्याने त्यासाठीचे जादा संरक्षण पॉलिसीत आहे का, तेही पाहून ठेवावे.

या रविवारी दहा मिनिटे

वरच्या सगळ्या गोष्टींची तालीम भर उजेडात, घराच्या अंगणात करता येते. धातूची चावी बाहेर काढून चालकाचे दार एकदा तिने उघडून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेले हे कुलूप गंजून अडकलेले असेल, तर ते आजच कळलेले बरे. सेल काढून ठेवून चावी स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते का, ते तपासावे. दुसऱ्या चावीचा सेल बदलावा. एक जादा सेल गाडीत न ठेवता पाकिटात ठेवावा, कारण गाडी बंद असताना गाडीतला सेल काय कामाचा? आणि ही तालीम घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याकडून करून घ्यावी. रात्री साडेअकराला, पावसात, स्थानकाबाहेर फोनची बॅटरीही संपलेली असताना आठवणार आहे ते एकदा हाताने करून पाहिलेलेच.